आल्प्सच्या खोऱ्यातला भुईकोट

वाचकहो, किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? उभा कडा, दमछाक करणारी वाट, वर गेल्यावर पडका दरवाजा, कोरडे टाके आणि भणाणणारा वारा. आज मी तुम्हाला ज्या किल्ल्यात नेणार आहे तो असा नाही. तो उभा आहे हिरव्यागार गवताच्या कुरणात, जवळजवळ सपाटीवर. त्याचे तट धड आहेत, बुरूज धड आहेत, छपरे शाबूत आहेत. आणि मुख्य म्हणजे, ज्या चौकात आज देशोदेशीचे प्रवासी माना वर करून भिंतींवरची चित्रे बघतात, त्याच्या आसपासच्या दालनांत एके काळी गुरे बांधलेली असत आणि गवत रचलेले असे. शेतकऱ्याच्या घरी वाचल्या जाणाऱ्या आपल्या साप्ताहिकात या किल्ल्याची हकिगत यायलाच हवी, असे मला वाटले ते त्यामुळेच.

किल्ल्याचे नाव फेनीस. इटलीच्या वायव्य टोकाला आओस्ता नावाचे खोरे आहे, तिथे तो आहे. आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त तुरीन शहरात असतात. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगी म्हणाली, “बाबा, शहरातली चर्च आणि राजवाडे पाहून तुम्ही कंटाळलात हे दिसतंय. उद्या तुम्हाला गुरं-ढोरं दाखवते.” दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मोटार निघाली.

बर्फाच्या सावलीतले कोरडे खोरे

तुरीनपासून फेनीस सुमारे शंभर किलोमीटर. पहिला निम्मा रस्ता सपाट मैदानाचा. मग एकाएकी दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि आपण दोरा बाल्तेआ नदीच्या खोऱ्यात शिरतो. तोंडाशीच एका गावात इसवी सनापूर्वीच्या शतकात रोमन लोकांनी बांधलेला दगडी पूल अजून उभा आहे. पुढे खिंडीत बार्डचा किल्ला लागतो. इसवी सन १८०० मध्ये आल्प्स ओलांडून इटलीत उतरणाऱ्या नेपोलियनच्या फौजेला इथल्या चारएकशे ऑस्ट्रियन शिपायांनी सुमारे दोन आठवडे अडवून धरले होते. चिडलेल्या नेपोलियनने नंतर तो पाडून टाकला. आज दिसतो तो १८३० ते १८३८ या काळात पुन्हा बांधलेला.

हे खोरे म्हणजे इटलीचा सर्वांत लहान प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ३,२६० चौरस किलोमीटर, आणि लोकवस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढीसुद्धा नाही म्हणा ना. चोहोबाजूंनी युरोपातली सर्वांत उंच शिखरे: माँ ब्लां, मॅटरहॉर्न, माँटे रोझा, ग्रान पाराडिझो. इटालियन आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना इथे सारखाच मान आहे. घरात मात्र म्हातारी माणसे तिसरीच बोली बोलतात.

एवढा बर्फ म्हणजे पाण्याची चंगळ असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण गंमत अशी, की उंच शिखरे ढगांना अडवतात आणि खोऱ्याचा मधला भाग पर्जन्यछायेत पडतो. तिथे वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. माण-खटावच्या शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगायला नको! तेवढ्या पावसावर कुरण हिरवे कसे राहील? म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी सहा-सातशे वर्षांपूर्वी डोंगराच्या कडेकडेने पाट काढले. हिमनदीचे वितळलेले पाणी उंचावरच अडवायचे आणि कडा कोरून, लाकडी पन्हळी टाकून, मैलोन् मैल उतार राखत खालच्या गावाच्या शेतापर्यंत आणायचे. या पाटांना तिथे ‘रू’ म्हणतात. आयास खोऱ्यातला एक पाट चौदाव्या शतकाच्या अखेरीस खोदायला घेतला, तो पंचवीस किलोमीटरच्या आसपास लांब आहे. पाट गावाचा, त्याची डागडुजी गावाने करायची आणि पाणी पाळीपाळीने घ्यायचे. आपल्याकडे पांझरेच्या काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

आता कुरणात तुषार सिंचनाचे फवारे फिरतात, पण पाणी पुष्कळ ठिकाणी त्याच जुन्या पाटांचे.

गुरांची मिरवणूक

फेनीसच्या अलीकडे आमची मोटार थांबली. पुढे घंटांचा गजर. पाहतो तो रस्ता भरून गाई येत होत्या. तांबड्या-पांढऱ्या, काळ्या-पांढऱ्या आणि गडद तपकिरी. बांधा आपल्या डांगी गाईसारखा, आटोपशीर. गळ्यात रुंद चामडी पट्टे आणि त्यांना कळशीएवढ्या घंटा. दोन गाईंच्या शिंगांत फुलांचे आणि फितींचे तुरे खोवलेले. मागून हातात काठ्या घेतलेली माणसे, दोन पोरे आणि एक कुत्रा.

आमच्या सौ. काच खाली करून म्हणाल्या, “अहो, यांचा पोळा दिसतोय आज!”

पोळा नव्हता, पण भाव तोच. जूनच्या मध्याला गुरे डोंगरावरच्या उंच कुरणांत जातात. तिथेच तीन-साडेतीन महिने गुराखी राहतात, तिथेच दूध काढतात, तिथेच चीज करतात. २९ सप्टेंबरला संत मायकेलचा दिवस असतो. त्या सुमाराला गुरे सजवून खाली आणतात. ज्या गाईने वर्षभर जास्तीत जास्त दूध दिले तिच्या शिंगांत पांढरा तुरा आणि जी कळपात सर्वांत दांडगी ठरली तिच्या शिंगांत तांबडा तुरा. एक दुधाची राणी, दुसरी शिंगांची.

शिंगांची राणी ठरते ती झुंजीत. आपल्याकडे बैल झुंजतात, इथे गाई झुंजतात. गाभण गाई वजनाप्रमाणे तीन गटांत विभागतात. कोणी कोणाला हाकलत नाही, डिवचत नाही. दोन गाई समोरासमोर येतात, शिंगाला शिंग भिडवतात, रेटारेटी होते, आणि जिला आपले बळ कमी पडले असे कळते ती तोंड फिरवून चालू लागते. झाले, झुंज संपली. शेवटची फेरी ऑक्टोबरमध्ये आओस्ता शहराजवळच्या रिंगणात होते.

याच गाईंच्या दुधाचे ‘फोंतिना’ नावाचे चीज जगप्रसिद्ध आहे. गाय दिवसातून दोनदा पिळतात आणि चीजही दोनदाच करतात; दूध शिळे ठेवायचे नाही, दोन तासांच्या आत ते कढईत पडले पाहिजे. साधारण दहा लिटर दुधाचे एक किलो चीज होते. आठ ते बारा किलोची गोल चाकी सुमारे ऐंशी दिवस थंड, ओलसर तळघरात लाकडी फळ्यांवर मुरवतात. एका खोऱ्यात तर बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीत हजारो चाकी रचून ठेवतात. १९९६ सालापासून या नावाला युरोपात कायद्याचे संरक्षण आहे. आओस्ताबाहेर केलेल्या चीजला फोंतिना म्हणता येत नाही. एवढेसे खोरे, पण नाव राखले म्हणून भाव राखला.

दरवाजातून आत

गाई पुढे गेल्या आणि वळण घेताच किल्ला दिसला. मी तुम्हाला सांगतो, आपण लहानपणी चित्रात काढतो ना, अगदी तसा. एकाला एक लागून बुरूज, काही गोल, काही चौकोनी. बाहेरून एक ठेंगणा तट, आत दुसरा उंच तट, वर चर्या, खाली जंग्या. पाच कोनांच्या आकारात मधोमध वाडा.

पण जरा थांबा. आपण मराठी माणसे किल्ल्यात वाढलेली. लगेच माझ्या मनात आले, की याला खंदक कुठे आहे? कडा कुठे आहे? ज्या टेकाडावर हा उभा आहे ते टेकाड तरी कसले, बांधाच्या उंचीपेक्षा थोडे जास्त. नळदुर्ग, परांडा हे आपले भुईकोट, पण त्यांच्याभोवती खोल खंदक आहेत. इथे शत्रू सरळ कुरणातून चालत आला असता. मग एवढे बुरूज कशासाठी?

उत्तर असे, की हा किल्ला मुख्यतः लढायचा नव्हताच. तो दाखवायचा होता. आओस्ता खोऱ्यातून आल्प्स ओलांडायच्या दोन मोठ्या खिंडी आहेत; व्यापारी, यात्रेकरू, फौजा साऱ्यांची वाट हीच. सव्हॉयच्या राजघराण्याच्या हाताखाली शालां नावाचे सरदार घराणे इथे वजनदार होते. १२४२ च्या कागदात या किल्ल्याचा पहिला उल्लेख येतो. तेव्हा तो लहान असावा. चौदाव्या शतकात एमोने द शालां याने तट-बुरूज वाढवले आणि १३९० नंतर त्याचा मुलगा बोनिफाचो याने आतला चौक, सज्जे आणि चित्रे करवून घेतली. १४२० च्या सुमारास आज दिसणारे रूप पुरे झाले. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कळावे, की या खोऱ्याचा मालक कोण.

किल्ला वाटाड्याबरोबरच बघावा लागतो. आमच्या गटाला एक तरुण बाई मिळाली. ती इटालियनमध्ये सांगे, आमची मुलगी मराठीत आणे.

तळमजल्यावर आधी शिपायांची दालने. मग नोकर-शिपायांची जेवणघराची मोठी खोली, लाकूडफाट्याची खोली, कोठार. भिंती हातभर जाड, खिडक्या लहान. चुलाण्यापाशी आमच्या सौ. थबकल्या. चुलाणे कसले, एक लहानशी खोलीच. आत माणसे उभी राहतील. त्यांनी वर धुराड्याकडे पाहिले, छताकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, मालकांच्या खोल्या याच्या वरच आहेत ना? खालच्या चुलीची धग वर जात असणार. लाकूड नोकरांनी फोडायचं, धूर नोकरांनी खायचा आणि ऊब मालकाला!”

मुलीने हे वाटाडीला सांगितले. ती हसली आणि म्हणाली, “अगदी बरोबर. बायका हे लगेच ओळखतात.”

इथल्या गोरगरिबांच्या भाकरीची गोष्टही तिने सांगितली. डोंगरात गहू होत नसे, राय व्हायची. गावाला मिळून एक भट्टी. लाकूड वाचावे म्हणून हिवाळ्याच्या तोंडाशी ती पेटवायची आणि घराघराने वर्षभराचे काळे पाव एकदम भाजून घ्यायचे. मग ते लाकडी घोड्यावर उभे ओळीने लावून सुकवायचे. महिन्या-दोन महिन्यांत पाव असा दगड होई, की तो कापायला फळीला जोडलेली खास सुरी लागे. तुकडे दुधात नाहीतर सूपमध्ये भिजवून खायचे. सोलापूरकडची कडक भाकरी आठवली की नाही?

भिंती बोलतात तो चौक

तळमजल्यावरून आपण आतल्या चौकात येतो आणि इथे मात्र बोलणे आपोआप थांबते. समोर अर्धगोल दगडी जिना, तळाशी पसरट आणि वर निमुळता. जिन्याच्या डोक्यावर भिंतीवर घोड्यावर बसलेला संत जॉर्ज अक्राळविक्राळ ड्रॅगनच्या घशात भाला खुपसतो आहे. चौकाभोवती दुमजली लाकडी सज्जे, आपल्या वाड्याच्या ओसरी-माडीसारखे. सज्जांच्या भिंतींवर दाढीधारी ज्ञानी पुरुषांची आणि प्रेषितांची रांग आणि प्रत्येकाच्या हातात उलगडलेला कागदाचा पट्टा. त्यावर जुन्या फ्रेंचमध्ये सुविचार आणि म्हणी लिहिलेल्या आहेत. सहाशे वर्षांपूर्वीची फळ्यावरची सुभाषितेच म्हणा. ही चित्रे जाकोमो जाक्वेरियो नावाच्या चित्रकाराच्या कारखान्यातली. ओल्या चुन्यावर रंग चढवला म्हणून ती टिकली.

जिना चढून वर गेले की मालकांची दालने: शयनघर, जेवणघर, स्वयंपाकघर, न्यायनिवाड्याची खोली आणि प्रार्थनाघर. प्रार्थनाघरातल्या एका चित्रासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. मेरीमातेने आपला झगा दोन्ही हातांनी पसरला आहे आणि त्याखाली माणसे दाटीने उभी आहेत. त्यांत पोप आहे, सम्राट आहे, बिशप आहेत, आणि साधी माणसेही आहेत. कोंबडीच्या पंखाखाली पिल्ले असावीत तशी सगळी एका पदराखाली.

चित्रात एका पदराखाली. खाली तळमजल्यावर मात्र वसुली कारकुनाची खोली वेगळी. ती खोलीही दाखवतात. मुलगी म्हणाली, “बाबा, ही तुमच्या आवडीची. इथं शेतसारा भरायला यायचं.” लहानशी खोली. धान्याचा वाटा, दारूच्या द्राक्षांचा वाटा, मालकाच्या गिरणीत दळायचे म्हणून दळणाचा वाटा. युरोपातल्या त्या काळच्या कुळाला असे देणे असे. मी त्या उंबऱ्यावर उभा राहिलो आणि माझ्या पणजोबांची आठवण झाली, त्यांना मी पाहिलेले नसतानाही. हातात टोपी घेऊन अशाच एखाद्या उंबऱ्यावर तेही उभे राहिले असतील.

तेव्हा मनात आले, हे जपायचे तरी कशासाठी? ज्यांनी ओरबाडले त्यांचे घर चुना लावून, रंग राखून उभे ठेवायचे, आणि ज्यांच्या घामावर ते उभे राहिले त्यांच्या झोपड्यांचे नाव नाही?

गोठा झाला म्हणून वाचला

या प्रश्नाचे उत्तर किल्ल्याच्या पुढच्या हकिगतीत थोडेसे आहे.

शालां घराणे पुढे कर्जात बुडाले. १७१६ मध्ये त्यांना फेनीस विकावा लागला. नव्या मालकाला राहायचे नव्हते. हळूहळू किल्ल्याचे शेतघर झाले. खालच्या दालनांत गोठा आणि वर कोठारे. ज्ञानी पुरुषांच्या रांगेखाली शेणाच्या पाट्या वाहिल्या गेल्या असतील, संत जॉर्जच्या जिन्यावर वासरे बागडली असतील. पुस्तकांत या काळाला ‘पडता काळ’ म्हणतात, एका ओळीत उरकतात आणि पुढे जातात.

वाचकहो, तुम्ही-आम्ही शेतकरी आहोत. आपल्याला ठाऊक आहे, की ज्या घरात गवत ठेवायचे त्याचे छप्पर गळू देऊन चालत नाही. गवत भिजले तर हिवाळ्यात गुरे उपाशी मरतात. रिकामे घर पडते. वापरातले घर, कसेही वापरा, टिकते. खोऱ्यात पुष्कळ किल्ल्यांच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. फेनीस उभा राहिला, त्यात त्या नाव नसलेल्या गवळ्या-शेतकऱ्यांचा काहीच वाटा नसेल, हे मला पटत नाही. भिंतीवर त्यांचे चित्र नाही, एवढेच.

मग आला आल्फ्रेदो द’आंद्रादे. आंद्राद हे आडनाव आपल्याला वसई-गोव्याकडे ऐकून ठाऊक आहे. हे गृहस्थही मूळचे पोर्तुगालचेच, १८३९ मध्ये लिस्बनला जन्मलेले. चित्रकला शिकायला इटलीत आले आणि इथलेच झाले. जुन्या इमारतींचे त्यांना वेड. १८८४ मध्ये तुरीनला मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा नदीकाठी मध्ययुगातले अख्खे गाव नमुन्यादाखल बांधायचे ठरले. त्या कामात त्यांचा पुढाकार होता. खोऱ्याखोऱ्यांतून हिंडून मंडळींनी जुनी घरे, किल्ले, दारे, कड्या-कोयंडे मोजून, चितारून आणले. त्या गावातल्या कोटाचा चौक फेनीसच्या चौकावरून घेतलेला आहे. तुरीनला जाल तर तीही नक्कल बघा.

नक्कल झाली, पण अस्सल वस्तू तर गोठ्यात होती. १८९५ मध्ये द’आंद्रादेंनी फेनीस विकत घेतला. डागडुजी सुरू केली, मोडके होते ते सावरले, आणि १९०६ मध्ये किल्ला सरकारला देऊन टाकला. याच खोऱ्यातला इसोन्याचा वाडाही असाच वाचला. व्हित्तोरियो आव्होन्दो नावाच्या दुसऱ्या चित्रकाराने तो १८७२ मध्ये घेतला आणि १९०७ मध्ये देशाला दिला. त्या वाड्याच्या पडवीत बाजारपेठेची चित्रे आहेत: खाटीक, भट्टीवाला, शिंपी, औषधवाला, भाजीपाल्याचा बाजार आणि चीजच्या चाकीसुद्धा. वेळ असेल तर तोही बघावा.

फेनीसची दुसरी मोठी डागडुजी १९३५ पासून झाली. तिच्यात काही ठिकाणी जुने होते त्यापेक्षा ‘जुने दिसावे’ असे बांधले, अशी जाणकारांची तक्रार आहे. आतले लाकडी सामानही बरेचसे नंतर जमवून मांडलेले आहे. म्हणजे आपण पाहतो त्यातले सगळेच सहाशे वर्षांपूर्वीचे नाही. वाटाडी हे लपवत नाही, हे मला आवडले. कोणती भिंत मूळची आणि कोणती मागाहूनची, हे ती बोट दाखवून सांगत होती.

शेवटी मी मुलीला म्हटले, “तिला विचार, किल्ल्यात गुरं बांधत होते त्यांचं काही ठेवलंय का?”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “किल्ल्यात नाही. पण गावात संग्रहालय आहे, तिथे जा.”

आम्ही गेलो. २००९ मध्ये उघडलेले ते हस्तकलेचे संग्रहालय जवळच आहे. आओस्ता शहरात दरवर्षी ३० आणि ३१ जानेवारीला संत ओर्सोची जुनी जत्रा भरते. हिवाळाभर बर्फात अडकलेल्या शेतकऱ्यांनी लाकडात कोरलेल्या वस्तू तिथे विकायला येतात. तसल्या वस्तू संग्रहालयात मांडल्या आहेत. गाईच्या गळ्यातले लाकडी जू, लोण्याचे साचे, टोपल्या, लाकडी पादत्राणे, मुलांची लाकडी गाय. आमच्या सौ. लोण्याच्या साच्यापुढून हलेनात. त्यांच्या माहेरी तसाच एक खव्याचा साचा होता, तो कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नाही.

पांढरीची माती

परत येताना मोटारीत मी गप्प होतो. मुलीने विचारले, तेव्हा तिला सांगितले ते तुम्हालाही सांगतो.

आमच्या गावाला गढी होती. तुमच्याही असेल. चार बुरूज, मोठा दरवाजा, आत पडका वाडा. गढीची माती म्हणजे पांढरीची माती, राखेने आणि शेणाने पिढ्यान् पिढ्या मुरलेली; शेतात टाकली की पीक जोर धरते. आमच्या लहानपणी उन्हाळा लागला की गावच्या गाड्या गढीकडे वळत. आमची गाडीही जाई. वडील खणायचे, मी पाट्या भरायचा. एकदा मातीत एक दिवा सापडला, भाजक्या मातीचा. मी तो दोन दिवस खेळवला आणि फोडला. आज गढीच्या जागी एक उंचवटा आहे आणि त्यावर बाभळी आहेत.

मी वडिलांना दोष देत नाही. त्या मातीवर आमची ज्वारी आली, ज्वारीवर आम्ही शिकलो. आणि गढीवाल्यांनी आमच्यासाठी काय केले होते, की आम्ही त्यांचे बुरूज जपावेत? पण त्या मातीबरोबर आमच्याच पणजोबांचा उंबराही गेला, जिथे ते टोपी हातात घेऊन उभे राहिले असतील. तो उंबरा आता नातवाला दाखवता येत नाही. सांगितले तर त्याला खरे वाटत नाही.

मुलगी म्हणाली, “बाबा, दिवा फोडलात म्हणून अजून वाईट वाटतं?”

मी म्हटले, “दिव्याचं नाही गं. त्यात तेल घालणारी कोण होती, ते आता कळायचं नाही याचं वाटतं.”

तुम्ही गेलात तर, आणि न गेलात तरी

कुणाची मुले युरोपात असतील आणि तुम्हाला जायचा योग आला, तर एक दिवस या खोऱ्यासाठी राखून ठेवा. फेनीस आओस्ता शहराच्या अलीकडे बारा-तेरा किलोमीटरवर आहे; हमरस्त्यावरून नूस गावाशी उतरायचे. किल्ला गटागटाने दाखवतात, म्हणून गर्दीच्या दिवसांत जागा आधी राखावी. जिने दगडी आणि झिजलेले आहेत, पायांत घट्ट वहाणा असू द्या. सप्टेंबर अखेरीस गेलात तर गुरांची मिरवणूक वाटेत भेटण्याचा संभव आहे.

आणि जाणे झाले नाही तरी काही बिघडत नाही. तुमच्या गावात गढी, वाडा, बारव, जुने देऊळ, जे काही उरले असेल, त्याच्याकडे एकदा जाऊन या. फेनीसने मला शिकवलेल्या चार गोष्टी फुकटच्या आहेत. पहिली, आधी मोजा आणि कागदावर उतरवा. शाळेतली मुलेसुद्धा दोरी घेऊन हे करू शकतात. दुसरी, भिंतीत उगवलेले वड-पिंपळाचे रोप लहान आहे तोवर काढा. थोरले झाले की ते भिंत घेऊनच निघते. तिसरी, पाणी मुरू देऊ नका. छपराची कौले आणि पन्हळ नीट असेल तर बाकीचे टिकते. चौथी, चुन्याच्या भिंतीला सिमेंट थापू नका. ओल आत कोंडते आणि दगड सुटतो. सरकारी संरक्षणातली वास्तू असेल तर मात्र आधी त्या खात्याला विचारा, परस्पर हात लावू नका.

आणि सर्वांत आधी, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा, की गढीत कोण राहत होते, सारा कोण वसूल करी आणि माती कोणाकोणाच्या शेतात गेली. लिहून ठेवा. यासाठी ना चुना लागतो, ना पैसा.

आम्ही परतलो तेव्हा आमच्या सौ. नी पिशवीतून एक लहानशी लाकडी गाय काढली आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवली. जत्रेतल्या शेतकऱ्याने कोरलेली, शिंगे जरा वाकडी. नातू रोज तिला खाली घेतो. फोडायला ती मातीची नाही, एवढे बरे.